तिसऱ्या रॅकवरची पांढरी कार्डं

तुम्ही चाळीस उंदीर गिळलेत, साहेब, आणि ढेकरही दिला नाहीत.

प्रयोग ऐंशी उंदरांवर झाला. तुमच्या छापील अहवालात चाळीसच आहेत. उरलेले चाळीस मी रोज सकाळी शेपटीला धरून वजनाच्या मगात सोडलेत, त्यातल्या दोघांनी मला चावलंय, तेव्हा ते नव्हतेच असं निदान मला तरी सांगू नका.

तुम्ही मला ओळखता. म्हणजे तोंडानं ओळखता. एकोणीस वर्षं मी तुमच्या प्राणिगृहात पिंजरे धुते. सगळे मला मावशी म्हणतात. बाई एकदा मावशी झाली की तिला गुडघेदुखी असते हे सगळ्यांना पटतं, डोकं असतं हे कोणाला पटत नाही. मी नववीत शाळा सोडली. पुढचं शिक्षण तुमच्या रद्दीवर केलं. छपाईयंत्राजवळच्या टोपलीत तुम्ही लोक जे कागद टाकता, ते मी घरी न्यायची आणि शब्दकोश घेऊन बसायची. पहिला कागद वाचायला सव्वा महिना लागला, आणि त्यातून कळलं इतकंच, की उंदरांना शेपटीत सुई टोचतात. ते मला आधीच माहीत होतं. पण खोड लागली ती लागली.

त्यातही आतड्याचे कागद मी आधी उचलायची. माझा धाकटा भाऊ बस चालवतो आणि नऊ वर्षं त्याचं मोठं आतडं सुजलेलं आहे. पोटात कळ येते, रक्त पडतं. आपल्या रस्त्यावरच्या एकूण एक संडासाचा पत्ता त्याला पाठ आहे. सातव्या थांब्याजवळच्या गॅरेजवाल्यानं तर त्याला स्वतःच्या संडासाची किल्लीच देऊन टाकली आहे. धाकटा म्हणतो, "ताई, लोक देवळं जोडतात, मी हे जोडले."

आता प्रयोगाचं सांगते. तुम्हाला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना नाही.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावाहून आपल्याकडे ऐंशी उंदीर आले. खोक्यात, प्रवासानं भेदरलेले, एकमेकांच्या अंगावर चढून कोपऱ्यात दडलेले. एका पिंजऱ्यात पाच, असे सोळा पिंजरे. आठ दुसऱ्या रॅकवर, ते आमच्या नियमभाऊनं लावले. आठ तिसऱ्या रॅकवर, ते मी. नियमभाऊ म्हणजे माझ्याबरोबर काम करणारा. भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलं असेल तेवढंच करतो, म्हणून हे नाव. तक्त्यात लिहिलंय: नव्या उंदरांना नवा, वाफवलेला भुसा. नियमभाऊनं तसाच घातला.

मी घातला, आणि वर प्रत्येक पिंजऱ्यात एकेक मूठ जुना भुसा टाकला. कोपऱ्यात आमच्या अकरा म्हाताऱ्या उंदरिणी होत्या, पिल्लं देऊन थकलेल्या. त्यांच्या पिंजऱ्यातला भुसा मी डब्यात भरून आणला. माझी ही जुनी सवय. भेदरलेला जीव नव्या जागी खात नाही, पीत नाही. कोणीतरी आधी इथे राहून गेलंय असा वास आला की जरा सैल होतो.

"अहो मावशी, हे तक्त्यात नाहीये," नियमभाऊ म्हणाला.

"तक्त्याला कधी भीती वाटते का?"

"तक्त्याला नाही वाटत, मला वाटते. साहेबांची."

"मग तुझ्या रॅकवर नको घालू."

त्यानं नाही घातला. तोंडही मिटून ठेवलं, कारण तोंड उघडायचंही तक्त्यात नव्हतं.

ही माझी चूक. कोणीही न विचारता इथे लिहून देते. प्रयोगाच्या उंदरांना कोणी न सांगता काहीही द्यायचं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मूठभर भुशानं काय होतंय, असं वाटलं.

तीन आठवड्यांनी कार्डं लागली. प्रत्येक रॅकवर चार पिंजऱ्यांना हिरवं कार्ड, चारांना पांढरं. हिरव्यांना तुमचं नवं औषध नळीनं पाजायचं, एकतीस नंबरचं. पांढऱ्यांना नुसतं पाणी. मग सोळाच्या सोळा पिंजऱ्यांच्या बाटल्यांत ती पावडर घातली, जिच्यानं उंदराचं आतडं सुजतं. औषध चांगलं असेल तर हिरवे तगतील, पांढरे आजारी पडतील. सरळ हिशोब.

पाचव्या दिवसापर्यंत सगळे सारखे. सहाव्या दिवशी दुसऱ्या रॅकवर वास बदलला. हा वास मला झाकण उघडायच्या आधी कळतो. लेंड्या पातळ, शेपटीखाली रक्त, अंगावरचे केस विस्कटलेले. वीस ग्रॅमचा उंदीर आठव्या दिवशी सोळावर आला. हिरवं कार्ड असो की पांढरं, दुसऱ्या रॅकवर सगळ्यांची एकच गत.

आणि तिसऱ्या रॅकवर? तिथे उंदीर मजेत होते. लेंड्या कडक, अंग तुकतुकीत. वजन कोणाचं अर्धा ग्रॅम घटलं तर घटलं. तिथेही हिरवं-पांढरं सगळं सारखंच. मी वह्या उलटसुलट केल्या. वजनाचा काटा बिघडला असेल म्हणून दुसरा आणला. काटा ठीक होता.

पहिल्यांदा बुचकळ्यात पडली ती भिंगवाली. तुमच्याकडे पदवीचं काम करणारी ती मुलगी, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे चिकटवून बसायची, तिला आम्ही भिंगवाली म्हणायचो. ती दोन दिवस तिसऱ्या रॅकभोवती घिरट्या घालत होती. दिव्याचा उजेड मोजला. दारातून वारा येतो का पाहिलं. बाटल्यांचं पाणी तपासलं, पावडर सगळ्यांत सारखीच होती. एकदा तर ती रॅकसमोर जमिनीवर मांडी घालून तासभर नुसती बघत बसली.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"लेंड्या खातायत."

"खातातच ते. एकमेकांच्या खातात. स्वतःच्याही खातात."

"माहितीय मावशी. पण विचार करा, म्हणजे एका पिंजऱ्यातल्या पाचही जणांच्या पोटात एकच..." आणि ती थांबली. माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्ही या रॅकवर काही वेगळं केलंत का?"

"नाही," मी म्हटलं.

धडधडीत खोटं. नोकरी जाईल ही भीती. तीन दिवस मी तिची नजर चुकवत होते. चौथ्या दिवशी ती पुन्हा रॅकसमोर बसलेली दिसली, हातात डबा, पण जेवत नव्हती, नुसती बघत होती. तिला उत्तर हवं होतं, आणि ते माझ्या खिशात होतं. मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ओरडेल.

ती उठून उभी राहिली आणि तिनं मला मिठी मारली. डब्यातलं जेवण सांडलं ते वेगळंच. "मावशी! म्हाताऱ्यांच्या पोटात आहे ते! भुशातनं लेंड्या गेल्या, लेंड्यांतनं जंतू गेले!"

"जंतू? मग हे आजारी पडायला हवेत ना?"

"सगळे जंतू वाईट नसतात हो. काही तर घरचे राखणदार असतात."

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले गेले. भिंगवालीनं मला सूक्ष्मदर्शकाजवळ बसवलं. एका काचेवर आतड्याचा पातळ काप, जांभळा-गुलाबी रंगवलेला. हा तिसऱ्या रॅकवरचा. आतून आतड्याचं अस्तर म्हणजे खेटून उभ्या केलेल्या परीक्षानळ्या. प्रत्येक नळीच्या भिंतीत फुगीर थेंब. त्या थेंबांतून बुळबुळीत चिकट द्रव सुटतो आणि आतड्याला आतून लेप बसतो. जंतू त्या लेपावर राहतात, आत शिरत नाहीत. मग तिनं दुसरी काच सरकवली, दुसऱ्या रॅकवरची. नळ्या कोसळलेल्या. थेंब गायब. आणि सगळीकडे काळ्या-जांभळ्या ठिपक्यांची झुंबड.

"हे ठिपके म्हणजे जंतू?"

"नाही. ही आपलीच फौज. चोर पकडायला आली आणि घराचीच मोडतोड करून बसली."

मी बराच वेळ भिंगातून डोळा काढला नाही. नऊ वर्षं मी धाकट्याच्या दुखण्याला बाहेरचं कोणीतरी समजून शिव्या घालत होते. इथे तर घरचेच निघाले.

मग तिनं म्हाताऱ्यांच्या लेंड्या बारीक नळ्यांत भरल्या. त्यातले बरेच जंतू हवेत मरतात म्हणून एका बंद पेटीत काम करायचं. पेटीला बाहेरून रबरी हातमोजे जोडलेले, त्यात हात घालून आतली बशी धरायची. मला वाटायचं, पेटीतलं हे सगळं माझ्या पोटातही आहे? "आहे ना," भिंगवाली म्हणाली, "तुमच्यात तुमच्यापेक्षा त्यांची संख्या जास्त असेल." मी म्हटलं, "मग भाडं तरी द्या म्हणावं." ती म्हणाली, "देतात. तुम्हाला पचत नाही ते पचवून देतात."

एका बशीवर टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके उगवले. दुसऱ्या रॅकवरच्या उंदरांत ते नव्हते. तेच राखणदार की नुसते वाटसरू, हे कळायला आणखी काम लागणार होतं. ती नेहमी हेच म्हणायची: "अजून माहीत नाही." ते शब्द ती इतक्या खुशीत म्हणायची की मलाही माहीत नसण्याची गोडी लागली.

पण एक गोष्ट आम्ही पक्की करून घेतली. नंतर आलेल्या नव्या उंदरांचे सहा पिंजरे. एकतीस नंबर कोणालाच नाही. तीन पिंजऱ्यांत म्हाताऱ्यांचा भुसा, तीन पिंजऱ्यांत त्यांचा त्यांचाच. या वेळी सगळं कागदावर लिहून, नियमभाऊला साक्षीला उभं करून. तो सही करताना म्हणाला, "आता तक्त्यात घाला म्हणजे मी सुटलो." मग पावडर. ज्यांना म्हाताऱ्यांचा भुसा मिळाला ते तीन पिंजरे ठणठणीत. बाकीचे तीन आडवे.

भिंगवाली ते कागद घेऊन तुमच्याकडे आली, साहेब. आत काय झालं मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल होते. "आपला विषय औषध आहे, लेंड्या नाहीत, असं म्हणाले," एवढंच बोलली. महिन्याभरात तिची मुदत संपली. जाताना म्हणाली, "अहवालात माझं नाव घालू नका, असं साहेबांना सांगून आलेय." मला वाटलं, पोरगी रुसली. विचारलं नाही. हीसुद्धा माझी चूक, लिहून घ्या.

दोन वर्षं होत आली. मी पिंजरे धूत राहिले.

गेल्या रविवारी धाकटा घरी आला. चेहरा उजळलेला. हातात बारा पानांचा कागद.

"ताई, माझी निवड झाली. नवीन औषध. माणसांवर पहिल्यांदाच देतायत. साठ जण घेतलेत, त्यात मी."

"आणि तुझं इंजेक्शन?"

"ते बंद करायचं. दोन्ही एकदम चालत नाही. उद्या नाही, पुढच्या सोमवारी इंजेक्शन होतं, त्याऐवजी सकाळी नऊला जाऊन सही करायची."

त्या इंजेक्शननं तो दिवसातल्या संडासाच्या वीस फेऱ्यांवरून सहावर आलाय. हल्ली आठ-नऊ होतात, त्याचा जोर कमी होतोय, हे खरं. पण त्या इंजेक्शनवरच तो स्टिअरिंगमागे बसू शकतो. ते सुटलं आणि नवं लागू पडलं नाही, तर आतड्याचा सुजलेला भाग काढून टाकायचा आणि पोटाला पिशवी लावायची, हे त्याच्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलंय.

मी कागद उलटला. पान तीन. औषधाचं नाव नव्हतं, नंबर होता. एकतीस. खाली लिहिलं होतं की प्राण्यांवरच्या प्रयोगात सूज स्पष्टपणे कमी झाली, आणि तुमच्या अहवालाचा दाखला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन मी तो अहवाल काढला. आता मला असे कागद वाचायला सव्वा महिना लागत नाही. आकृतीत दोन रेघा. वरची हिरव्यांची, वजन टिकलेलं. खालची पांढऱ्यांची, वजन कोसळलेलं. आकृतीखाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत पिंजऱ्यांचे नंबर. हिरवे चारही पिंजरे तिसऱ्या रॅकवरचे. पांढरे चारही दुसऱ्या रॅकवरचे. तिसऱ्या रॅकवरचे पांढरे, जे औषधाशिवाय मजेत होते, ते नाहीत. दुसऱ्या रॅकवरचे हिरवे, जे औषध पिऊन आडवे झाले, तेही नाहीत. एका ओळीत निकाल: "भुसा दूषित झाल्यामुळे आठ पिंजरे वगळले."

मी बुधवारी तुमच्या खोलीत आले. आठवतंय ना? तुम्ही बसा म्हणालात, मी उभीच राहिले.

"मावशी, तुमच्याच चुकीमुळे वगळावे लागले ते," तुम्ही म्हणालात. "मी तुमचं नावही कुठे येऊ दिलं नाही. उपकार समजा."

"साहेब, भुसा मी आठ पिंजऱ्यांत घातला. सगळे तिसऱ्या रॅकवरचे. त्यातले चार तुम्ही ठेवलेत. भुसा एकाच डब्यातला. मग तो पांढऱ्यांत दूषित आणि हिरव्यांत शुद्ध कसा?"

तुम्ही चष्मा काढला.

"आणि दुसऱ्या रॅकवरच्या हिरव्यांत तर मी बोटही घातलं नव्हतं. ते का वगळले?"

"हे तुम्हाला कळणार नाही. त्यात आकडेशास्त्र असतं."

"कळेल असं सांगा. मी उभी आहे."

"मला बैठक आहे," तुम्ही म्हणालात. आणि मी दाराशी गेल्यावर, "नियमांविरुद्ध वागल्याचं तुम्ही आता स्वतः कबूल केलंय, हे लक्षात असू द्या."

लक्षात आहे. म्हणूनच सगळं वर लिहून काढलं. आता त्याची तुम्हाला धमकी देता येणार नाही.

काल धाकट्याला सांगितलं. तो आधी हसला, मग त्याचा आवाज चढला.

"म्हणजे तुझ्या मुठीनं उंदीर वाचले आणि नाव औषधाचं झालं?"

"हो."

"मग ती मूठ मला दे ना!"

"वेडा आहेस का? ते उंदरांचं. माणसाच्या पोटात काय करेल कोणाला माहीत? तुला आधीच आत जखमा आहेत."

"वा! साहेब छातीठोक सांगतात, औषध लागू पडतं. सख्खी बहीण सांगते, माहीत नाही. मी कोणाचं ऐकू?"

"जो माहीत नाही म्हणतो त्याचं."

"तू म्हणतेस थांब. किती थांबू? ती तुझी भिंगवाली काय म्हणाली होती, किती वर्षं लागतील?"

"दहा. झालंच तर."

"दहा वर्षं! ताई, मला दहा मिनिटं थांबवत नाही!" असं म्हणून तो खरंच उठून आत गेला. परत आला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. भिंतीला टेकून खाली बसला, कागद मांडीवर ठेवला.

"मी किती खुश झालो होतो गं," तो म्हणाला. त्यानं तिसरं पान काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "त्यांना पुन्हा विचार. लेखी विचार. त्या चाळीस उंदरांचं धड उत्तर त्यांच्याकडे असेल, तर मी सही करीन, तू काहीही म्हण. गप्प बसले, तर इंजेक्शन घेऊन बसवर जाईन."

म्हणून हे लिहिलं. एक प्रत तुमच्या टेबलावर ठेवली आहे, एक भिंगवालीला पाठवली आहे, आणि एक छापायला दिली आहे. दोन वर्षांपूर्वीची रोजच्या वजनांची वही माझ्या घरी आहे. पाहायची असेल त्यानं यावं. औषध वाईटच आहे असं मी म्हणत नाही. कदाचित दुसऱ्या कुठल्या प्रयोगात ते चांगलं ठरेलही. पण या प्रयोगात त्यानं काही केलं नाही, आणि हे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं.

धाकट्याचं तो बघून घेईल. त्याच्या घरात भुसा टाकणारी बहीण आहे. यादीत आणखी एकोणसाठ जण आहेत. तेही आपापली इंजेक्शनं, गोळ्या सोडून सोमवारी त्या दारात येणार, तिसरं पान वाचणार आणि खुश होणार. त्यांच्यापैकी एकाचीही बहीण तुमच्या प्राणिगृहात नाही.

त्यांना सहीच्या आधी कोण सांगणार आहे, साहेब? नऊला दार उघडतं. त्याआधी उत्तर द्या, लेखी द्या, आणि साठही जणांना द्या.